शनिवारी घासलेला तवा

खण्ण.

माझी कडी कलंडली आणि माझ्याच काठावर आपटली. आवाज एवढासा, पण त्या स्वयंपाकघरात इतकी शांतता होती की पाळण्यातलं बाळ दचकून जागं झालं आणि त्याने भोकाड पसरलं. तेव्हा कुठे माणसं हलली. लॉर्ना बाळाला घ्यायला धावली. तिच्या सासूबाई मर्टल चहाचं पाणी ठेवायला उठल्या. आणि मला अमेरिकेहून हातातल्या पिशवीत घालून घेऊन आलेली म्हातारी व्हर्ना हसून म्हणाली, “चला, आमच्याकडून कुणीतरी बोललं एकदाचं!”

मग सगळेच हसले. अडीचशे वर्षांनी भेटलेल्या नातेवाइकांनी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे तोवर कुणालाच सुचत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. तुमच्या घरातल्या तव्यासारखाच गोल आणि सपाट. फक्त माझ्यावर बादलीसारखी एक अर्धगोल कडी आहे, म्हणजे मला आकड्याला अडकवून विस्तवावर टांगता येतं. माझा जन्म उत्तर आयर्लंडमधल्या याच अँट्रिमच्या मुलखात, एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. तिथून मला ग्रिझेल नावाच्या एका नव्या नवरीने घरी आणलं. तिच्या घरात दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या ढेकळांचा विस्तव कायम धुमसत असे. सकाळी माझ्यावर ओटच्या पिठाची जाड भाकरी पडायची. ग्रिझेल तिच्यावर सुरीने दोन आडव्याउभ्या रेघा ओढून तिचे चार चतकोर करायची. एका हाताने बाळाला पाजायचं आणि दुसऱ्या हाताने चतकोर उलटायचा, हे तिला इतकं जमायचं की बाळाची झोपही मोडत नसे आणि भाकरीही करपत नसे. ते बाळ म्हणजे जेनेट. तिला रांगता येऊ लागलं आणि तिने पहिल्यांदा बोट भाजून घेतलं ते माझ्यावरच. मला फार वाईट वाटलं. पण तव्याला हात मागे घेता येत नाही.

जेनेट मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलगा झाला. त्याच वर्षी जमीनदाराचा करार संपला, आणि जी शेती जेनेटच्या नवऱ्याने दगड वेचून वेचून जवस पेरण्याजोगी केली होती, ती दुसऱ्याच कुणाला मिळाली. अमेरिकेत कॅरोलायनाच्या डोंगरात जमीन आहे, असं आधी गेलेल्यांनी कळवलं होतं. जायचं ठरलं.

आमच्याकडे कुणी जहाजावर निघालं की शेजारणी पीठ घेऊन यायच्या. वाटेत आठवडेच्या आठवडे जाणार, म्हणून भाकऱ्या भाजून, परत विस्तवासमोर उभ्या करून, दगडासारख्या कडक करून द्यायच्या. त्या दिवसांत मी गार म्हणून झालो नाही.

“जेनेट, तुझ्या नवऱ्याचे दात टिकतील का गं या भाकऱ्यांपुढे?” एक शेजारीण म्हणाली.

“नाही टिकले तर भाकरी फेकून मासे मारेल,” दुसरी म्हणाली. “तेवढीच त्याला कामाची सवय राहील.”

सगळ्याजणी हसल्या. जेनेटही हसली. ग्रिझेल मात्र पाठमोरी होती.

निघायच्या दिवशी पहाटे ग्रिझेलने शेवटची भाकरी उतरवली. मला गार होऊ दिलं नाही. आपल्या लोकरीच्या घागऱ्यात गुंडाळलं आणि जेनेटच्या हातात दिलं.

“अगं आई, हा कशाला? तू कशावर भाजशील?”

“माझं मी बघेन. हा ऊन आहे तोवर पोराच्या पायाशी धर. गाडीत वारं लागेल.”

एवढंच बोलली ती. बाहेर गाडीपाशी शेजाऱ्यांनी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली होती. लार्नच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जेनेटने मला घागऱ्यासकट मुलाच्या पायाशी धरून ठेवलं. जितका वेळ ऊन राहता येईल तितका मी राहिलो. लोखंडच मी. बंदर दिसलं तेव्हा गार झालो होतो.

ग्रिझेल नंतर कशावर भाजत होती, ते मला कधीच कळलं नाही.

कॅरोलायनाच्या डोंगरात ओट नव्हते. मका होता. जेनेटने मक्याची पहिली भाकरी माझ्यावर टाकली ती चिकटून बसली. तिने ती खरवडून काढली, दुसरी टाकली, तीही चिकटली. मग ती तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसून रडली. जहाजावर रडली नव्हती ती, उतरल्यावर रडली नव्हती. त्या भाकरीपुढे रडली. शेवटी शेजारच्या बाईने तिला डुकराच्या चरबीचा गोळा आणून दिला. चरबी लावायची, धूर येईपर्यंत तापवायचं, पुसायचं, परत लावायचं. हळूहळू माझ्यावर एक काळा, गुळगुळीत थर चढला. त्यावरून भाकरी अशी सुटायची की बघत राहावं.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. याला पाणी लावायचं नाही. जेनेटने तो सुनेला सांगितला, सुनेने तिच्या मुलीला. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या नवरीला आधी मला पुसायचं कसं ते दाखवायचे, नंतर तिची खोली कुठली ते. प्रत्येकीने त्या थरावर आपला एक थर चढवला. हाताच्या, चरबीच्या, सकाळच्या विस्तवाच्या अशा कितीतरी थरांनी मी काळाभोर झालो. माझं कौतुकही व्हायचं. रविवारी चर्चमधल्या बायका म्हणायच्या, या घराच्या भाकरीसारखी भाकरी खोऱ्यात नाही.

मग गॅस आला, मग पाकिटातला पाव आला. व्हर्नाच्या आईने मला सोडलं नाही, व्हर्नानेही नाही. पण व्हर्नाच्या घरात तिच्यामागे भाजणारं कुणी राहिलं नाही. मुलगा शहरात असतो, तो उभ्याउभ्या जेवतो. भाचीने मला एकदा हौसेने मागून नेलं, आणि माझ्यावर प्लास्टिकची सूर्यफुलं चिकटवून भिंतीवर टांगलं. व्हर्ना तिच्याकडे चहाला गेली, आणि चहा न पिताच मला घेऊन परत आली. गावातल्या संग्रहालयाने काचेची पेटी देऊ केली होती. खाली पितळी पाटी, वर दिवा.

“काचेत विस्तव असतो का?” व्हर्नाने त्यांना विचारलं.

नाही म्हणाले.

तेव्हा ती कॉम्प्युटरपुढे बसून ग्रिझेलच्या घराण्यातलं मागे कोण उरलं आहे ते शोधू लागली, आणि शोधत शोधत लॉर्नाच्या नवऱ्यापर्यंत, मर्व्हिनपर्यंत पोचली. विमानतळावर तपासणीच्या माणसाने मला पिशवीतून काढून तिला विचारलं होतं, “आजी, हा कुणाच्या डोक्यात घालणार नाही ना?”

“घालायचं असतं तर नवरा जिवंत होता तेव्हाच घातलं असतं,” ती म्हणाली. त्याने मला सोडलं.

असा मी शुक्रवारी संध्याकाळी या टेबलावर आलो, आणि माझी कडी वाजली. चहा झाल्यावर व्हर्नाने लॉर्नाला सरळच विचारलं.

“मी हा इथे ठेवायला आणलाय. पण भिंतीवर नाही हं. जी याच्यावर भाजेल तिलाच देईन. तू भाजशील?”

लॉर्ना बाळाला खांद्यावर थोपटत होती. “मावशी, खोटं कशाला बोलू? मला भाकरी येत नाही. आम्ही पाव विकत आणतो. या दोघांच्या मागे माझं केस विंचरायचंही राहून जातं.”

तिची सहा वर्षांची एस्थर टेबलाखालून म्हणाली, “काल आईने उलटा स्वेटर घातलेला.”

“तू गप गं.”

“सोमवारी निघते मी,” व्हर्ना म्हणाली. “तोवर विचार कर. नाही जमलं तर परत नेईन. मग काच तर काच.”

मी काही बोलू शकत नाही, मित्रांनो. पण त्या रात्री ओट्यावर पडल्या पडल्या मी त्या बाळाच्या श्वासाकडे कान लावून होतो आणि मनात म्हणत होतो, भाज ना गं बाई.

आता मर्टलबद्दल सांगायला हवं. मर्टलच्या घरात रविवारी काम म्हणून होत नाही. तो देवाचा दिवस. त्यामुळे सगळं शनिवारी उरकायचं. शनिवारी बूट पॉलिश होऊन दारापाशी रांगेत उभे राहतात, बटाटे सोलून पाण्यात पडतात, मांस भाजून झाकलं जातं, आणि अंगणातल्या फरशीलासुद्धा साबण लागतो. रविवारी घरात एक मळकं भांडं दिसलं तर मर्टलला चर्चमध्ये प्रार्थना सुचत नाही.

त्या शनिवारी सकाळी मर्व्हिन व्हर्नाला गाडीतून जुनं कब्रस्तान आणि ग्रिझेलच्या घराचे उरलेले दगड दाखवायला घेऊन गेला. एस्थरही गेली. लॉर्ना वर बाळाला निजवत होती, आणि निजवता निजवता स्वतःच निजली होती. मर्टल स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी मला उचललं, बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

“अगं आई गं. किती वर्षांचं किटण हे!”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात स्वतःशीच म्हणाल्या, “बिचारी. एकटी बाई. घासून द्यायला कोण आहे तिला!”

हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्यांनी मला वैतागून घासलं नाही. मायेने घासलं. गरम पाण्यात सोडा घातला, तारेची घासणी घेतली, बाह्या वर केल्या. त्यांच्या बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली असतात, तरी त्या थांबल्या नाहीत. काळं पाणी मोरीतून गेलं, परत गेलं, परत गेलं. आधी व्हर्ना गेली, मग तिची आई, मग तिची आई. सगळ्यात शेवटी, अगदी तळाशी, जेनेट होती.

थरांखालून लोखंड निघालं, राखाडी, चकचकीत. लोहाराने मला ग्रिझेलच्या हातात दिलं तेव्हा मी असाच होतो. मर्टलनी मला पांढऱ्या टॉवेलवर ठेवलं आणि नव्या कोऱ्या किटलीकडे पाहावं तसं कौतुकाने पाहिलं.

व्हर्ना परत आली. दारातच थांबली.

“बघा!” मर्टल म्हणाल्या. “नवा झाला की नाही? मी म्हटलं, एवढ्या लांबून आलात, तेवढं तरी करावं.”

व्हर्ना जवळ आली. तिने तळहात माझ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

“किती कष्ट घेतलेत हो तुम्ही,” ती म्हणाली. “देव तुमचं भलं करो.”

आणि हवा छान आहे, जरा फिरून येते, असं सांगून ती मागच्या अंगणात गेली. बाहेर पाऊस पडत होता.

मर्टलनी खिडकीतून पाहिलं. “छत्री न घेता?”

लॉर्ना जिन्यावरून खाली येत होती. तिने आधी मला पाहिलं, मग सासूबाईंच्या लाल झालेल्या हातांकडे. तिने मला टॉवेलसकट उचललं आणि बाहेर धावली. कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपराखाली व्हर्ना उभी होती.

“मावशी, त्यांना माहीत नव्हतं हो.”

“मला ठाऊक आहे गं. म्हणून तर काही बोलले नाही. माझ्या घरी कुणी आलं असतं आणि त्यांच्या पिशवीत एवढं काळं भांडं असतं, तर माझ्या सासूनेही हेच केलं असतं.” तिने डोळे पुसले. “तो मळ नव्हता लॉर्ना. माझी आई होती ती. आई गेली तेव्हा तिचे कपडे वाटून टाकले मी, तिच्या खोलीत भाडेकरू ठेवला. म्हटलं, तवा आहे ना. त्याला पाणी लावलं नाही की झालं.”

कोंबड्या कुरकुरत होत्या. लॉर्नाने मला पावसापासून आत ओढून धरलं.

“देऊन टाकते संग्रहालयाला,” व्हर्ना म्हणाली. “आता ते नुसतं लोखंड आहे. काचेत ठेवलं काय आणि कुठे ठेवलं काय.”

खुराड्याच्या पलीकडे मर्टल उभ्या होत्या. हातात छत्री होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी छत्री खुराड्याला टेकवून ठेवली आणि त्या घरात गेल्या. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली तेवढी इकडून तिकडे सरकत होती. एस्थरने विचारलं, “आज कुणी मेलं आहे का?” आणि मर्व्हिनने तिला पायाने ढोसलं.

रविवारी सगळे चर्चला जाऊन आले. मर्टलनी ठेवणीतली टोपी काढून खुंटीला लावली. मग त्यांनी अ‍ॅप्रन बांधला.

मर्व्हिन पेपर वाचत होता. तो पेपर खाली गेला. “आई? आज रविवार आहे.”

“मला वार कळतात.”

त्या मागच्या जुन्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथली चूल त्यांच्या सासूच्या वेळेपासून पेटली नव्हती. वरच्या आकड्यावर मर्व्हिनचा रेनकोट लटकत असे. त्यांनी तो काढून त्याच्या अंगावर फेकला आणि पीटची ढेकळं रचू लागल्या.

“दयेच्या कामाला रविवारी मुभा आहे,” त्या म्हणाल्या.

“गेल्या रविवारी माझं बटण तुटलं होतं तेव्हा नव्हती का दया?”

“बटणाला जीव नसतो.”

“आणि तव्याला असतो?”

मर्टल विस्तव फुंकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “व्हर्नाला बोलाव,” त्या म्हणाल्या.

व्हर्ना दारात आली. मर्टलनी कपाटातून डुकराच्या चरबीचं भांडं काढून तिच्यापुढे धरलं.

“मी केलंय ते मला उलट करता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण सुरुवात कशी करायची ते दाखव. मी बसते तुझ्याबरोबर.”

अहोजाहो त्या क्षणी गळून पडलं, आणि ते परत कुणी उचललं नाही.

“कमी लाव गं,” थोड्या वेळाने व्हर्ना ओरडत होती. “तळायचंय का त्याला? पूस, पूस!”

“पुसायचंच होतं तर लावायचं कशाला?”

“मर्टल, तू ऐकणार आहेस की घासणी आणू?”

दाराशी बाळाला घेऊन उभ्या असलेल्या लॉर्नाला हसू फुटलं. आधी दबकत, मग मोकळं. मग त्या दोघीही हसल्या, आणि धुराने सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोण कशाने रडतंय हे विचारायची गरज उरली नाही.

दुपारभर त्यांनी मला तापवलं, पुसलं, तापवलं. मग पीठ कुठलं यावरून भांडण झालं. मर्टल म्हणाल्या ओट, व्हर्नाने पिशवीतून मक्याचं पीठ काढलं. शेवटी लॉर्ना म्हणाली, “दोन्ही घालते,” आणि बाळाला मर्व्हिनच्या मांडीवर टाकून तिने हात पिठात घातले. पहिली भाकरी चिकटली. दुसरी चिकटून फाटली. एस्थरने ती खाऊन टाकली. तिसऱ्या वेळी लॉर्नाने काठाखाली सुरी सरकवली आणि भाकरी अलगद हलली.

“सुटली!” ती लहान मुलीसारखी ओरडली. “मावशी, सुटली!”

मित्रांनो, खरं सांगतो. माझ्यावर त्या दिवशी चढला तो एक पातळ तपकिरी थर होता. काळा नव्हे. जेनेटचं रडणं, त्या चुलीपुढच्या सकाळी, मला आता पूर्वीसारख्या आठवत नाहीत. गेलं ते गेलं. कुणी तुम्हाला जुनी वस्तू दाखवली आणि ती मळकी दिसली, तर घासायच्या आधी एकदा विचारा. एवढीच माझी विनंती. आणि वस्तू जपायची म्हणून तिला कोपऱ्यात ठेवू नका. आम्हाला हात लागू द्या. हात चुकतील, पण लागू द्या.

व्हर्नाने फडक्याने माझी कडी धरली आणि मला लॉर्नापुढे केलं.

“पाणी लावू नकोस.”

“नाही लावणार.”

“मी लावू देणार नाही,” मर्टल म्हणाल्या.

मग सगळे चुलीपुढे बसून लोणी लावून भाकरी खाऊ लागले. बाळ मर्व्हिनच्या छातीवर झोपलं होतं. एस्थर आईच्या मांडीवर शिरली आणि व्हर्नाला म्हणाली, “गोष्ट सांगा. तव्याची.” व्हर्नाने तिला आपल्या आईकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. ग्रिझेलने गरम तवा घागऱ्यात कसा गुंडाळला, जेनेटने तो बाळाच्या पायाशी कसा धरला, गाडी कशी निघाली.

“मग ती परत कधी आली?” एस्थरने विचारलं.

“नाही आली गं.”

“सुट्टीत पण नाही?”

“नाही. समुद्र फार मोठा होता. त्यांची परत भेट झाली नाही.”

एस्थर चावायची थांबली. ती विस्तवाकडे बघत राहिली, मग मान वळवून आईच्या तोंडाकडे. लॉर्नाचा हात तिच्या केसांतून फिरत होता, तो मध्येच थांबला.

“आई,” एस्थर म्हणाली, “मग तिच्या आईने तिला जाऊच का दिलं?”